आदल्या दिवशीचा जाणकार

बुधवार, १९ नोव्हेंबर
ऑफिसातून, जेवणाच्या सुट्टीत

ती. वन्संना नमस्कार.

माझं अक्षर बघून आधी दचकाल, मग चष्मा शोधत घरभर फिराल, आणि तो डोक्यावरच असेल. सावकाश वाचा. वाईट बातमी काही नाही. लेक मजेत आहे, मी बरी आहे, माझा गुडघा कुरकुरतो पण त्याला मी आता घरातलंच माणूस समजते. तुमचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे कळलं. कुणाकडून ते विचारू नका. लेक गॅलरीत जाऊन दार ओढून घेऊन बोलते आणि आत आल्यावर 'मैत्रीण होती' म्हणते. मैत्रिणीच्या मोतीबिंदूची एवढी काळजी करणारी मुलगी मी तरी दुसरी पाहिली नाही.

पत्राचं कारण असं की आमच्याकडे एक प्रकरण चाललं होतं. निकाल परवा जाहीर झाला, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. त्यात मी जे बघितलं त्याने अशी थक्क झाले आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय अन्न गोड लागेना. लेकीला सांगितलं. ती म्हणाली, हे आत्याला सांग, तिला आवडेल. मग म्हटलं फोनवर आपलं धड होणार नाही, लिहावं.

तुम्ही नेहमी विचारायचात की मी ऑफिसात बसून नक्की करते काय, आणि मी उत्तर द्यायला लागले की तुम्हाला जांभई यायची. आज जांभई आवरा. कुणी काही नवं शोधून काढलं की पेटंट मागतो, म्हणजे काही वर्षं ते दुसऱ्याने करायचं नाही. दुसऱ्याला ते पटलं नाही की भांडण आम्हा तिघांपुढे येतं. एक आमचे अध्यक्ष, मितभाषी माणूस. दुसरे कायद्याचे सदस्य. त्यांचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होतं म्हणून मी त्यांना मनातल्या मनात पणसाहेब म्हणते. तिसरी मी, रसायनातली.

गोष्ट नवी आहे का, हे ठरवणं सोपं असतं. अवघड असतं ते पुढचं: नवी असली तरी उघड होती का? त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचली असती का? सुचली असती, तर पेटंट नाही.

हा जाणकार कुणी खरा माणूस नसतो. कायद्याने कल्पिलेला असतो. जगातलं त्या विषयावरचं सगळं त्याने वाचलेलं असतं, वाचलेलं सगळं आठवत असतं, आणि स्वतःची म्हणून एकही कल्पना त्याला कधी सुचत नाही. तुमचे धाकटे काका म्हणा ना. मी त्याला जाणकारबुवा म्हणते. आमचं काम म्हणजे या बुवांना समोर बसवायचं आणि विचारायचं, बुवा, अर्ज दाखल झाला त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही काय केलं असतं? आदल्या दिवशी, हे महत्त्वाचं. दुसऱ्या दिवसापासून उत्तर सगळ्यांनाच माहीत असतं.

आता प्रकरण. जुन्या काळी रंगवलेल्या लाकडी वस्तूंवर, कपाटांवर, दारांवर, चकाकीसाठी राळेचा लेप देत असत. वर्षं गेली की तो लेप काळवंडतो आणि दगड होतो. खाली चित्र आहे की नुसता रंग, तेही कळत नाही. खरवडावं तर लेपाबरोबर चित्र जातं. जहाल द्रावक लावावा, म्हणजे नेलपॉलिश काढायला वापरतो त्या जातीचा द्रव, तर लेप विरघळतो आणि खालचा रंगही विरघळतो. अर्जदार बाईने दोन द्रव घेतले. दोन्ही साधे, कुठल्याही प्रयोगशाळेच्या फडताळात सापडतील असे. पहिला लावला तर लेप नुसता फुगतो आणि बसतो. दुसरा लावला तर काचेवरून पाणी जावं तसा ओघळून जातो. पुस्तकांत दोघांचीही नावं आहेत आणि दोघांपुढे एकच शेरा आहे, या राळेला निरुपयोगी. पण दोघं एका ठराविक प्रमाणात मिसळले की लेप सुटतो, आणि खालचा रंग जागचा हलत नाही.

एकट्याला जमत नाही ते दोघांना मिळून जमतं, असं कधीकधी होतं हे रसायनशास्त्राला ठाऊक आहे. मीही कॉलेजात शिकले होते. पण कुठल्या दोघांचं जमेल हे आधी सांगता येत नाही. तुमच्या भावाचं आणि माझं जमेल असं तरी कुणाला वाटलं होतं? तुम्हाला तर मुळीच नाही. वर्षभरात माहेरी पळेल म्हणाला होतात.

विरुद्ध बाजूला होती रंग बनवणारी एक मोठी कंपनी. त्यांचा वकील बोलायला फार गोड. म्हणाला, दोन्ही बाटल्या एकाच फडताळात, दोन्ही ओळखीच्या, मिश्रणं करणं तर रसायनवाल्यांचा रोजचा उद्योग. काखेत कळसा आणि गावाला वळसा, यात शोध कसला? पणसाहेबांनी मान डोलावली. खरं सांगायचं तर माझंही तेच मत झालं होतं. कागद वाचूनच मी ठरवून टाकलं होतं की हे उघड आहे, पेटंट जाणार. अध्यक्षांचा कल उलटा होता, पण ते रसायनातले नाहीत. ते माझ्याकडे बघणार हे मला माहीत होतं. त्या बाईचं वर्षानुवर्षांचं काम राहणार की मोडीत निघणार, ते माझ्या मतावर होतं.

बाईने परवानगी मागितली की प्रत्यक्ष करून दाखवते. वकील नको म्हणाला, पणसाहेब 'पण' म्हणाले, अध्यक्षांनी खिडक्या उघडायला सांगितल्या. तिने कापडात गुंडाळलेलं एका जुन्या कपाटाचं दार टेबलावर ठेवलं. काळंकुट्ट, चुलीमागच्या भिंतीसारखं. एका बोळ्याने पहिला द्रव लावला. काही नाही. शेजारी दुसरा लावला. काही नाही, थेंब खाली गळले, शिपायाने पुसले. मग तिने दोन्ही एका छोट्या पेल्यात ओतले, ढवळले, तिसरा बोळा भिजवला आणि लाकडावर नुसता टेकवला. घासला नाही. टेकवून तशीच उभी राहिली.

बोळा उचलला आणि वन्सं, खालून निळा रंग आला. काय निळा होता! तिने बोळा बदलून पुन्हा टेकवला. निळ्यात एक चोच निघाली, चोचीशेजारी एक डोळा. कधीच्या काळी कुणीतरी बसून रंगवलेला एक पक्षी त्या काजळीतून वर आला आणि आम्हा तिघांकडे बघत राहिला. माझ्या अंगावर काटा आला. अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले होते. वकीलसुद्धा वाकून बघत होता, आणि आपण कुणाच्या बाजूचे ते क्षणभर विसरला होता.

आणि मग जे झालं ते त्याहून अजब. मिनिटही गेलं नसेल. पणसाहेब माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, पण मॅडम, सोपंच तर आहे की. आणि मलाही अगदी तेच वाटलं! पहिला द्रव लेप फुगवणार, फुगलेल्या लेपात दुसरा शिरणार, झालं. यात काय एवढं? आत्ताच जिच्या अंगावर काटा आला होता तीच मी मनात म्हणत होते, यात काय एवढं.

तिथे मी दचकले. नवल डोळ्यांदेखत आटलं होतं, आणि त्याच्या जागी आपल्याला हे आधीपासूनच माहीत होतं असं वाटायला लागलं होतं. नुसतं वाटत नव्हतं, अगदी खात्री होती. मला तुमचा वर्ग आठवला. तुम्ही म्हणायचात ना, फळ्यावर उत्तर आलं की वर्गातला प्रत्येक जण हुशार होतो, म्हणून मी उत्तर पुसून पुन्हा विचारते. ते मला तिथे खुर्चीत आठवलं. म्हटलं, उत्तर पुसून बघू.

कंपनीने एक तज्ज्ञ आणला होता. म्हातारे प्राध्यापक, उंच, कोटाची बटणं एकेक घर चुकलेली. त्यांनी लेखी दिलं होतं की कुठल्याही जाणकाराला हे मिश्रण करता आलं असतं. मी त्यांना विचारलं, सर, करता आलं असतं हे मान्य. अर्जाच्या आदल्या दिवशी तुम्ही ते केलं असतं का? वकील लगेच उठला. प्राध्यापकांनी त्याला हाताने बसवलं. चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला नाही.

"आदल्या दिवशी मी माझ्या प्रयोगशाळेतच होतो," ते म्हणाले. "याच राळेवर काम करत होतो. आयुष्य गेलं माझं त्या राळेत. या दोन्ही बाटल्या माझ्या फडताळात शेजारी शेजारी होत्या. एकीची धूळ मी स्वतः पुसायचो. माझा हात गेला नाही."

मग ते त्या पक्ष्याकडे बघून म्हणाले, "आता उघड आहे. तेव्हा नव्हतं."

ज्यांनी आणलं त्यांच्याविरुद्ध बोलले, आयुष्यभराच्या आपल्या कामाविरुद्ध बोलले, आणि चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नव्हता. उलट कसला तरी मोठा बोजा उतरल्यासारखे दिसत होते. जाताना त्यांनी त्या बाईला विचारलं की जरा जवळून बघू का, आणि लहान मुलासारखे त्या दारावर ओणवून उभे राहिले. मी बघतच राहिले. अशी माणसं असतात हो.

सुट्टी संपली. उरलेलं घरी जाऊन लिहिते.


गुरुवार, घरी

काल घरी येऊन लिहिते म्हणाले आणि लिहिलं नाही. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. लेक म्हणाली, आई, त्या पातेल्याचं पेटंट घ्यायचंय का? मग आज सकाळी बसले आहे.

निकाल सांगायचा राहिला. पेटंट कायम राहिलं. निकालपत्रातला रसायनाचा भाग मी लिहिला. पणसाहेबांनीही शेवटी सही केली, पण 'पण' लिहून एक परिच्छेद जोडलाच. ते असो.

हे सगळं तुम्हालाच का लिहिते आहे, हे तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. गणिताच्या बाई तुम्ही.

तुमचा भाऊ गेला त्या आठवड्यात तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात पेले विसळत होतात. डॉक्टर म्हणाले होते की हे हृदयाचं दुखणं बरेच दिवस चाललेलं असणार. नळ चालू होता. तुम्ही म्हणालात, "अगं, इतकं उघड होतं. दिसलं कसं नाही?" मी काही बोलले नाही. तुम्ही पेले पुसून ठेवलेत आणि संध्याकाळी गेलात. तेव्हापासून आपण दोघी लेकीच्या तोंडून बोलतो आहोत.

तुमच्यावर राग धरला असं समजू नका. राग असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. मला ते पटलं होतं, वन्सं. उघड की उघड नाही हे ठरवायचा मी पगार घेते, आणि घरात बसलेल्या माणसाचं मला दिसलं नाही! त्या दिवसापासून जाणकारबुवा आमच्या घरीच राहायला आले. ज्यांना सगळं माहीत असतं, ते. जिन्यात दम खायला थांबला होता, ते आठवतं का? चहा अर्धा टाकला, ते? खांदा धरला होता, ते? रोज नवं काही तरी काढायचे, आणि मी रोज मान खाली घालायचे. आपल्याकडे म्हणतात, पुढच्यास ठेच मागचा शहाणा. पण मागचा शहाणा झाला म्हणून पुढच्याला आंधळा ठरवायचं, असं कुठे म्हटलंय? हे एवढं साधं माझ्या डोक्यात शिरायला त्या म्हाताऱ्या प्राध्यापकांना उभं राहावं लागलं.

सुनावणीहून घरी आले त्या संध्याकाळी मी खुर्चीत बसून एकच केलं. सोमवार झाकला. तो गेला तो सोमवार, डॉक्टर, त्यांचं ते वाक्य, सगळं पुसून टाकलं आणि फक्त रविवार बघितला. आदला दिवस. आजवर मी तो कधी सोमवाराशिवाय बघितलाच नव्हता.

काय सुंदर दिवस होता हो तो! मी विसरूनच गेले होते. तुमचा बाब्या सकाळपासून शिडीवर चढून हॉलचं छत रंगवत होता, डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी. तुम्ही आलात आणि आल्या आल्या म्हणालात, कोपरा राहिला. तो म्हणाला, ताई, खाली उभं राहून चुका काढायला अक्कल लागत नाही, वर ये. चहा त्याने अर्धा टाकला कारण त्यात रंगाचा थेंब पडला. तुम्हीच तो ओतून दिलात. जेवला भरपूर, माझ्या ताटातलंही उचललं. खांदा दुखत होता, तर सकाळभर हात वर करून रंगवल्यावर कुणाचा दुखणार नाही? तुमची पिशवी घेऊन स्टॉपपर्यंत गेला. येताना जिन्यात थांबला, कारण खालच्या मजल्यावरचे त्यांच्या कुत्र्याचं कौतुक सांगत होते, आणि ते सुरू झाले की कुणीही थांबतं. प्रत्येक गोष्टीला त्या दिवशी आपलं कारण होतं, धडधडीत, खरं. संध्याकाळी तो सोफ्यावर पाय पसरून त्या अर्ध्या पांढऱ्या छताकडे बघत म्हणाला, उरलेलं पुढच्या रविवारी. मी हसले. त्या दिवशी मला जे माहीत होतं ते एवढंच होतं, की माझा नवरा दमलाय आणि खुशीत आहे.

आणि आता जे लिहायचं ते लिहिते. काल याच्यासाठीच पातेली घासत होते.

खांद्याला बाम तुम्ही चोळलात. जेवण झाल्यावर त्याला खुर्चीत बसवून, शर्टाची कॉलर खाली ओढून. म्हणालात, बाब्या, म्हातारा झालास. तो म्हणाला, तू आधी झालीस. तुमची बोटं त्याच खांद्यावर होती, वन्सं. मला हे पहिल्यापासून आठवत होतं. तेव्हा बोलले असते तर तो टोला झाला असता, आणि टोला मारायचा नव्हता म्हणून गप्प राहिले. पण त्या गप्प राहण्यात मला हे दिसलं नाही की तुम्हालाही ते आठवत असणार. तुमच्याइतकं कुणाला आठवणार? पेले विसळताना तुमचं तोंड माझ्याकडे नव्हतं. तुम्ही 'दिसलं कसं नाही' म्हणालात, कुणाला ते म्हणाला नाहीत. मी उगाच ते स्वतःवर घेतलं आणि तुम्हाला त्या प्रश्नाबरोबर एकटं सोडलं.

तुम्ही लहानपणापासून त्याची नाडी ओळखून होतात. ताप यायच्या आधी तुम्हाला कळायचं, असं तो सांगायचा. तुमचा हात त्याच्या खांद्यावर होता आणि तुमच्या हाताला कळलं नाही. याचा अर्थ तुमचा हात वाईट होता असा होत नाही. याचा अर्थ ते कळण्यासारखं नव्हतं एवढाच होतो. मी हे सांत्वनाला म्हणत नाही. माझं कामच ते आहे, आणि त्यात मी लाडीगोडी करत नाही हे तुम्हाला माहीत आहे. दोन्ही बाजूंचं ऐकलं, आदल्या दिवसाचे सगळे पुरावे पाहिले. उघड नव्हतं. मला नाही आणि तुम्हालाही नाही.

जाणकारबुवांना मी काल निरोप दिला. तुमच्याकडेही ते राहत असतील तर घालवून द्या. जाताना कुरकुर करतील.

छत अजून अर्धंच आहे. लेक म्हणते रंगारी बोलावू, मी बोलावू देत नाही. एवढे दिवस मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. परवा मान वर करून नीट बघितलं तर पांढरा पट्टा किती सफाईने ओढलाय त्याने, कडा अगदी सरळ. कोपरा मात्र राहिलाय, तुमचं बरोबर होतं. या रविवारी या. शिडी लेक धरेल, वर मी चढते, गुडघ्याचं बघून घेऊ. तुम्ही खाली उभं राहून चुका काढा. नव्या डोळ्यांनी जास्तच दिसतील.

पत्राला उत्तर लिहू नका, मला धीर नाही. फक्त या, आणि दारातून पूर्वीसारखी हाक मारा.

त्या रविवारी होते तीच,
तुमची वहिनी